लेव्हल ४ ते १०: हँडस्टँड एकच

रविवार, फेब्रुवारीचा शेवट

जिम्नॅस्टिक्सच्या स्पर्धांचा मोसम ऐन भरात आला की एकच प्रश्न चहूबाजूंनी ऐकू येतो, "तुमची कितवी लेव्हल?" न्यू जर्सी असो की टेक्सास, आपल्या मराठी आईबाबांना लेव्हल म्हणजे शाळेची इयत्ता वाटते. दरवर्षी एक वर चढायची, तिथेच राहिली तर नापास. आज हे सगळं एकदा नीट लिहून काढावंसं वाटतंय, कारण या समजुतीपायी चांगल्या तयारीच्या मुली हिरमुसतात.

यूएसए जिम्नॅस्टिक्स या अमेरिकेतल्या संस्थेच्या डेव्हलपमेंट प्रोग्रॅममध्ये दहा लेव्हल आहेत. १ ते ५ कंपल्सरी. त्यात रुटीन, म्हणजे कसरतींचा बसवलेला क्रम, ठरलेलं; फ्लोअरचं, म्हणजे जमिनीवरच्या कसरतींचं, संगीतही ठरलेलं. देशभर सगळ्या मुली तेच करतात. ६ ते १० ऑप्शनल, म्हणजे नियमांच्या चौकटीत रुटीन आपलं आपण बांधायचं. पाचनंतर सहा गाळून थेट सातला जाता येतं आणि पुष्कळ क्लब तसं करतात. वयाची अट किमान आहे, कमाल नाही. चारसाठी सात वर्षं पूर्ण हवीत, आठसाठी आठ, दहासाठी नऊ. म्हणजे बारा वर्षांची मुलगी लेव्हल ४ ला असली तर त्यात कमीपणा काहीच नाही. दहाच्या पुढे एलिट, म्हणजे सर्वोच्च पातळी, आणि ऑलिंपिकला जायचं तर त्या वर्षी सोळा पूर्ण होत असायला हवीत. तिथवर फारच थोड्या जणी पोचतात. उलट कॉलेजचं जिम्नॅस्टिक्स लेव्हल १० च्याच नियमांत थोडे फेरफार करून चालतं, त्यामुळे बहुतेक मुलींच्या दृष्टीने खरं शिखर दहाच.

या सगळ्या पायऱ्यांच्या बुडाशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे सरळ हँडस्टँड, हातांवर उलटं उभं राहणं. तळहात खांद्यांइतक्या अंतरावर, कोपरं ताठ, खांदे कानांपर्यंत वर ढकललेले, बरगड्या आत, कंबर न वाकवता नितंब घट्ट आणि पायाची बोटं ताणलेली. पाठ भिंतीकडे करून उभं राहिलं तर टाचा टेकतात आणि कंबर खुशाल बाक काढते. म्हणून पोट भिंतीकडे, नाक आणि पायाची बोटं भिंतीला लागलेली, असा साठ सेकंद धरायला लावावा. तिसाव्या सेकंदाला खांदे खचताना दिसले, तर त्या मुलीच्या पुढच्या दोन वर्षांतल्या अडचणी आजच सांगता येतात.

लेव्हल ४ चा व्हॉल्ट, म्हणजे धावत येऊन टेबलावरून मारायची उडी, घ्या: टेबलावरून फ्रंट हँडस्प्रिंग, हात टेकवून पुढे उलटं होत पायांवर उतरायचं. धाव, स्प्रिंगबोर्डवर दोन्ही पाय, टाचा जोरात वर, हात टेबलाला लागताच खांद्यातून ढकल. ही ढकल कोपरातून येत नाही. कोपर वाकलं की जोर तिथेच जिरतो, हात टेबलावर रेंगाळतात आणि परीक्षक अर्ध्या गुणापर्यंत कापू शकतात. बाकदार हँडस्टँडचंही तेच. शरीर मधेच मोडल्यामुळे उसळी वर जातच नाही. २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकला दीपा कर्माकरने १५.०६६ गुणांसह चौथा क्रमांक मिळवला, तो प्रोदुनोव्हा व्हॉल्टसुद्धा फ्रंट हँडस्प्रिंगनेच सुरू होतो. टेबलावरून उसळल्यावर पुढे दोन कोलांट्या, एवढाच काय तो फरक, आणि त्या दोन कोलांट्यांना लागणारी उंची याच ढकलीतून येते.

बार्सवर, म्हणजे खाली-वर बसवलेल्या दोन आडव्या दांड्यांवर, मात्र लेव्हल ४ चा उंबरठा म्हणजे किप, झोक्यातून बारवर चढणं. यात कुणाचे महिने जातात, कुणाचं अख्खं वर्ष. खालच्या बारवरून पाय जमिनीला न लावता पुढे सरकत झुलायचं, टोकाला शरीर पूर्ण लांब करायचं, परत येताना पायाचे घोटे झटकन बारपाशी आणायचे, मग हात सरळ ठेवून बार नडगीवरून मांड्यांपर्यंत सरकवत खांदे बारच्या पुढे न्यायचे. मुलगी वर येत नसली की सगळे म्हणतात, ताकद कमी आहे. पुष्कळदा तसं नसतं. झोका अर्धवट सोडून ती घाईने पाय उचलते, किंवा पाय उशिरा येतात तोवर परतीचा वेग संपलेला असतो. तिसरी चूक हनुवटी वर करण्याची. मान मागे गेली की खांदे मागेच राहतात, आणि ते बारच्या पुढे गेल्याशिवाय कुणीही वर येत नाही. मग मुली कोपरं वाकवून ओढत वर चढतात. तेवढ्यापुरतं जमतं, पण सवय लागते आणि लेव्हल ५ ला किपनंतर लगेच कास्ट करताना, म्हणजे बारवरून पाय मागे-वर फेकताना, हात दगा देतात. म्हणून माझं ठाम मत आहे: वाकड्या हाताच्या किपवर टाळ्या वाजवू नयेत. त्यापेक्षा लटकून सरळ पायांनी बारला पावलं लावण्याचे दहा-दहाचे तीन सेट आठवड्यातून चारदा करावेत.

याच दिवसांत तळहाताची कातडी फाटते. साबण-पाण्याने धुवायचं, लोंबणारी कातडी स्वच्छ कात्रीने कापायची, ओढायची नाही, आणि रात्री मलम लावून हातात मोजा घालून झोपायचं. घट्टे फार उंच वाढू दिले तर पुढच्या वेळी फाटतं ते खोल फाटतं, म्हणून अंघोळीनंतर हलकेच घासावेत.

लेव्हल ५ ला फ्लोअरवर राउंडऑफ (हात टेकवून घेतलेली वळती उडी), बॅक हँडस्प्रिंग (हातांवरून मागे उलटी उडी), बॅक टक (हात न टेकता मागे कोलांटी); बार्सवरून उतरताना फ्लायअवे, म्हणजे झोक्यात बार सोडून हवेत मागे कोलांटी. फ्लायअवेला सगळ्या घाबरतात, ते रास्तच आहे. लवकर सोडलं तर शरीर लांब आणि खाली जातं. उशिरा सोडलं, किंवा कोपरं वाकवून बार ओढला, तर बारच्या जवळ येतं. पायाची बोटं डोळ्यांसमोर येईपर्यंत धरून ठेवायचं. ही वेळ फोमने भरलेल्या खड्ड्यात शेकडो वेळा करूनच अंगात भिनते.

गुणांचंही सांगून टाकते, कारण त्यातही गोंधळ असतो. चार उपकरणं (व्हॉल्ट, बार्स, बीम, फ्लोअर), प्रत्येकी १०, एकूण ४०. उतरताना छोटं पाऊल पडलं तर ०.१ कापतात, मुलगी पडली तर ०.५. (आंतरराष्ट्रीय नियमांत पडल्याचा पूर्ण १ गुण जातो.) ऑप्शनलमध्ये कौशल्यांना अवघडपणानुसार ए, बी, सी अशी चढती अक्षरं असतात. लेव्हल ७ ला पाच ए आणि दोन बी लागतात, आठला चार ए आणि चार बी, नऊला तीन ए, चार बी, एक सी, दहाला तीन ए, तीन बी, दोन सी. आठपर्यंत सुरुवात १० पासून. नऊला ९.७ आणि दहाला ९.५ पासून, उरलेले गुण अवघड कौशल्यं किंवा त्यांची जोडणी करून बोनस म्हणून मिळवायचे. त्यामुळे लेव्हल ८ ची ३७ आणि लेव्हल १० ची ३७ यांची तुलना करण्यात काही अर्थ नाही.

सात-आठच्या सुमारास तास वाढतात. आठवड्याला साधारण सोळा ते वीस तास, आणि नेमकं याच वयात अंग वाढतं. वर्षभरात सहा-सात सेंटिमीटर उंची वाढली की बीमवरचं, म्हणजे तोल सांभाळायच्या अरुंद तुळईवरचं, बॅक हँडस्प्रिंग अचानक "जातं". बीम पाच मीटर लांब आणि फक्त दहा सेंटिमीटर रुंद. हात-पाय लांबल्यावर कालची अंतरं आज चुकीची ठरतात. काल सहज करणारी मुलगी हात वर करून उभी राहते आणि मागे जाऊच शकत नाही. हा हट्ट नाही, आळसही नाही. ओरडून, पैज लावून किंवा बक्षीस दाखवून ते परत येत नाही. जमिनीवरची रेषा, मग खालचा बीम, मग बीमच्या उंचीपर्यंत रचलेल्या गाद्या, मग एकेक गादी कमी. प्रत्येक टप्प्यावर तिला आपणहून दहा वेळा सहज करावंसं वाटलं पाहिजे. मधे कुणी "आता वर कर बरं" म्हटलं की पुन्हा पहिल्यापासून.

दुखण्याकडे मात्र कानाडोळा नको. आठ ते बाराच्या दरम्यान टाच दुखणं नेहमीचं आहे, उड्या कमी केल्या की उतरतं. मनगट दुखत असेल तर हाडाच्या वाढत्या टोकावर ताण असतो, आणि पट्टी बांधून तसंच रेटणं चूक. सगळ्यात जपायची ती कंबर. ज्या मुलीचे खांदे आखडलेले असतात ती ब्रिजमध्ये, म्हणजे मागे वाकून हात-पाय टेकवलेल्या कमानीत, सगळा बाक कमरेतून काढते. बाजूने पाहिलं तर खांदे तळहातांच्या वर आलेले नसतात आणि खालच्या मणक्यापाशी एकच तीक्ष्ण वळण दिसतं. तिच्याकडून बॅक वॉकओव्हर (मागे वाकून हातांवरून एकेक पाय टाकत उलटणं) घेत राहिलं तर मणक्याला ताणाने तडा जाऊ शकतो. मागे वाकताना होणारी वेदना दोन आठवड्यांत गेली नाही तर खेळाची जाण असलेल्या डॉक्टरांना दाखवायचं, स्पर्धा तोंडावर असली तरी. ब्रिजसाठी पाय उंच ठोकळ्यावर ठेवून खांदे उघडायचे, हा साधा उपाय फार थोड्या ठिकाणी नेमाने होतो.

मग त्याच लेव्हलला दुसरं वर्ष काढावं का? गुण ३६ च्या पुढे असले तरी किप वाकड्या हाताने असेल, साठ सेकंदांच्या हँडस्टँडमध्ये खांदे खचत असतील किंवा पुढच्या लेव्हलची दोनपेक्षा जास्त कौशल्यं अजून प्रशिक्षकाच्या हाताच्या आधाराने होत असतील, तर काढावं. आणि त्या वर्षी जुनी रुटीनच घोटत बसायची नाही. जूनपासून ऑगस्टपर्यंत स्पर्धा नसतात. ते तीन महिने पुढच्या लेव्हलच्या कौशल्यांना आणि ताकदीला द्यायचे, जुनं रुटीन सप्टेंबरनंतर हातात घ्यायचं. क्लबकडून उन्हाळ्याचं वेळापत्रक मागताना आईबाबांनी एवढं जरूर विचारावं: तासांतला किती वेळ खड्ड्यावर आणि खालच्या बीमवर जाणार आहे?