एकच अक्षर : सु

आज बुधवार, कोरियनमध्ये 'सुयोइल'. यातला 'सु' म्हणजे पाणी. बुध ग्रहाला तिकडे 'सुसॉङ', म्हणजे पाण्याचा तारा म्हणतात. म्हणजे वाराचा ग्रह आपल्यासारखाच!

नवशिके इथेच फसतात आणि प्रत्येक 'सु' पाण्याचा समजतात. 'सुगॉन' म्हणजे टॉवेल आणि 'सुसुल' म्हणजे शस्त्रक्रिया, पण या दोन्हींत 'सु' म्हणजे हात. 'सुहाक' म्हणजे गणित, तिथे तो संख्या. 'सुदो' तर नळाचा पाणीपुरवठाही आणि राजधानीही. हे शब्द चिनी चिन्हांतून आलेत. चिनी लिपीत ही चिन्हं वेगवेगळी आहेत, हंगुलमध्ये, म्हणजे कोरियन लिपीत, सगळी एकसारखीच दिसतात. म्हणून शब्दकोशात अर्थाशेजारचं चिनी चिन्ह नक्की पाहा, निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

मला सर्वांत आवडतो तो अस्सल कोरियन 'सु', म्हणजे नर. कोंबडी 'ताक', पण कोंबडा 'सुथाक'. कुत्रा 'के', नर कुत्रा 'सुखे'. हा 'थ' आणि 'ख' आला कुठून? जुन्या कोरियनमध्ये या शब्दाच्या शेवटी 'ह' होता. तो स्वतः गेला, पण पुढच्या व्यंजनात महाप्राण, म्हणजे 'ह'चा श्वास, ठेवून गेला. आपल्याला त-थ, क-ख जन्मापासून वेगळे ऐकू येतात, त्यामुळे हे चटकन पकडता येतं.

आणि 'सुसो'? बैलही, हायड्रोजनही. वाक्य पूर्ण वाचल्याशिवाय ठरवू नका.