शीड न उतरणारी होडी

२० सप्टेंबर २०१३, शुक्रवार. अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी सॅन फ्रान्सिस्कोच्या मरीना ग्रीनवर गवतात बसलो होतो. अमेरिका कप, म्हणजे शिडाच्या बोटींच्या शर्यतींची नामांकित स्पर्धा, चालू होता. न्यूझीलंड ८, अमेरिकेचा संघ ऑरेकल २. नऊ झाले की चषक. म्हणजे शेवट बघायलाच आलो होतो म्हणा ना.

आणि वारा पडला. सॅन फ्रान्सिस्कोत, तोही सप्टेंबरात! आतली खोरी तापली की दुपारी खारा वारा गोल्डन गेटच्या चिंचोळ्या तोंडातून धडाधड आत शिरतो. आधी शर्यती पुढे ढकलल्या गेल्या होत्या त्या वारा जास्त झाला म्हणून. मे महिन्यात सरावात आर्टेमिस या स्वीडिश संघाची बोट मोडून त्यांचा खलाशी अँड्र्यू सिम्पसन गेला, त्यानंतर वाऱ्याची कमाल मर्यादा ३३ नॉटवरून (एक नॉट म्हणजे ताशी साधारण १.८५ किमी) २३ वर आणली होती. त्या दिवशी मात्र दोन्ही बोटी बदकांसारख्या पाण्यावर बसल्या. न्यूझीलंड तरी मैलभर पुढे होतं. पण शर्यत ४० मिनिटांत संपली पाहिजे असा नियम, आणि ती वेळ संपली. रद्द. माझ्या शेजारी न्यूझीलंडवाल्यांचा काळा झेंडा पांघरून बसलेली बाई काहीच बोलली नाही, नुसती बूट काढून बसली. वारा आल्यावर त्याच दुपारी शर्यत पुन्हा झाली, ती ऑरेकलने मारली.

या बोटी म्हणजे ७२ फुटी कॅटामरान, दोन सांगाडे शेजारी जोडलेल्या. ११ माणसं, आणि शिडाच्या जागी ४० मीटर उंच ताठ पंख, विमानाचा असतो तसा. पाण्याखालच्या वाकड्या फळ्यांवर दोन्ही सांगाडे उचलले जातात आणि बोट उडायला लागते. वेग ४० नॉटच्या वर. मला सगळ्यात चक्रावून टाकलं ते वेगळ्याच गोष्टीने. वारा मागून असताना आमच्या मालवणकडे शीड मोकळं सोडतात, होडी निवांत ढकलली जाते. इथे बोटच वाऱ्यापेक्षा जोरात पळते, त्यामुळे वारा कायम समोरूनच लागतो. मागून वारा असला तरी स्कूटरवर तो तोंडावरच येतो ना, तसं. पंख सदा आत ओढलेला.

२५ तारखेला, बुधवारी, पुन्हा गेलो. रजेचं कारण काय सांगितलं ते इथे लिहीत नाही. तोवर ८-८ झालं होतं. त्यात ऑरेकलने सुरुवातच उणे दोनवरून केलेली, आधीच्या ४५ फुटी बोटींत वजनाची लबाडी केल्याची शिक्षा म्हणून. त्यामुळे त्यांच्याबद्दल मला फारसं प्रेम नव्हतं. पण तिसऱ्या टप्प्यात, वाऱ्याच्या तोंडावर जाताना, त्यांची बोट पाण्याला न टेकता सरसर वर चढली, तेव्हा मी उभा राहून ओरडत होतो. पहिल्या आठवड्यात त्यांना हेच जमत नव्हतं. ४४ सेकंदांनी जिंकले. ९-८.

रात्री मालवणला काकांना फोन लावला. तिकडे सकाळ. काकांनी हयातभर उलांडीची, म्हणजे बाजूला तोल धरणारं लाकूड लावलेली होडी चालवली. मी स्कूटरसकट सगळं समजावून सांगितलं. वेगाचं त्यांना काहीच वाटलं नाही. त्यांनी विचारलं एवढंच: "आणि वादळ इला तर शीड उतरवतत कसा?"

"उतरवता येत नाही काका. ताठ असतं ते. रोज संध्याकाळी क्रेनने उचलून काढतात."

पलीकडे बराच वेळ शांतता. मला वाटलं फोन कट झाला.

"क्रेन," ते म्हणाले. मग काकीला हाक मारून म्हणाले, "अगो, ऐकलंस काय, शीड काढूक क्रेन लागता!" आणि दोघंही हसत सुटली. मी मरीना ग्रीनवरून घेतलेली टोपी हातात फिरवत बसलो.