तिसरा रकाना

प्रागमधल्या लोकांना सकाळी लवकर कामाला लागायची हौस आहे. साडेसातचा इंग्रजीचा तास ते आपणहून मागून घेतात. पुण्यात कुठल्या कंपनीत साडेसातला तास ठेवला असता तर दार उघडायला वॉचमनला उठवावं लागलं असतं. इथे सहा जण कॉफीचे मग घेऊन माझ्या आधी बसलेले असतात, कारण साडेतीनला त्यांना घरी जायचं असतं. शुक्रवारी तर दुपारीच गाड्या गावाबाहेर पळायला लागतात. इथल्या कितीतरी कुटुंबांचं रानात किंवा नदीकाठी एक छोटं लाकडी घर असतं, तिथे गवत कापायला आणि सॉसेज भाजायला. शुक्रवारी दुपारचा तास मी आता घेतच नाही. खुर्च्यांना इंग्रजी शिकवून काय उपयोग?

मी राहते हायेला, म्हणजे मेट्रोच्या लाल लाइनच्या अगदी टोकाला. कम्युनिस्ट काळात बांधलेल्या काँक्रीटच्या तयार भिंतींच्या उंच इमारती, मध्ये भरपूर झाडं, आणि स्टेशनबाहेर दोन अंतराळवीरांचा पुतळा. त्यातला एक सोव्हिएत आणि दुसरा व्लादिमीर रेमेक. रेमेक 1978 मध्ये अंतराळात गेला. सोव्हिएत किंवा अमेरिकन नसलेला तो पहिला माणूस. या स्टेशनचं नावही पूर्वी अंतराळवीरांवरूनच होतं. ज्या सोव्हिएत कार्यक्रमातून रेमेक गेला त्यातूनच 1984 मध्ये आपले राकेश शर्मा गेले, हे मी प्रत्येक नव्या वर्गाला सांगते. भूतकाळाचा सराव होतो, आणि ही बाई इथे कशी, हा सगळ्यांच्या चेहऱ्यावरचा प्रश्न दहा मिनिटं पुढे ढकलला जातो.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आलो, परवाना काढला, शिकवायला लागले. व्हिसाची कथा सगळ्यांची सारखीच असते, ती वगळते. पैशांचं मात्र सांगायला हवं, कारण कराडहून मावशी फोनवर दर वेळी तेच विचारते. इथे बहुतेक इंग्रजी शिक्षक भाषासंस्थांचे नोकर नसतात. स्वतःच्या व्यवसाय-परवान्यावर काम करतात आणि महिनाअखेर संस्थेला बिल पाठवतात. पैसे पंचेचाळीस मिनिटांच्या तासाला. दोनशे क्राउनच्या नोटेवर कोमेन्स्कीचं चित्र आहे. हा सतराव्या शतकातला मोठा शिक्षणतज्ज्ञ. पोरांना भाषा शिकवायची तर चित्रं दाखवून शिकवा म्हणणारा. त्याच्या जन्मदिवशी, 28 मार्चला, इथे शिक्षक दिन असतो. धर्मावरून देश सोडावा लागला, आयुष्यभर परक्या मुलखांत शिकवत फिरला आणि शेवटी हॉलंडमध्ये वारला. मला एका तासाचे दोन कोमेन्स्की मिळतात. कधी थोडे जास्त. मेट्रोत घालवलेल्या वेळाचे काही नाही. जुलै-ऑगस्टमध्ये सगळा देश सुट्टीवर जातो आणि बिल शून्य, सामाजिक विम्याचा हप्ता मात्र दर महिन्याला जातोच. म्हणून उन्हाळ्यात मुलांच्या शिबिरांत जायचं आणि सनस्क्रीन लावून घ्यायला नकार देणाऱ्या पोरांच्या मागे इंग्रजीतून धावायचं.

तर रकान्याबद्दल.

मी पहिल्यांदा ज्या संस्थेत गेले, तिच्या वेबसाइटवर शिक्षकांचे फोटो दोन रकान्यांत होते. एकीकडे 'नेटिव्ह स्पीकर', म्हणजे इंग्रजी ज्यांची मातृभाषा ते, दुसरीकडे चेक शिक्षक. दोन्हींचे दर वेगळे. त्यामागचा हिशेब तसा सरळ आहे. नवशिक्यांना चेक शिक्षक, कारण तो व्याकरण चेकमधून समजावतो. ज्यांना बऱ्यापैकी येतं त्यांना गप्पा मारायला नेटिव्ह. मुलाखत छान झाली. एम. ए. इंग्रजी, पुण्यात ज्युनिअर कॉलेजला शिकवल्याचा अनुभव, सगळं त्यांना पसंत पडलं. मग समन्वयक मुलीने संकोचत विचारलं, की घरी तुम्ही कुठली भाषा बोलता? मराठी, मी म्हटलं. ती विचारात पडली. पुढच्या आठवड्यात वेबसाइटवर सगळ्यात खाली एक नवा रकाना उगवला: 'इतर'. त्यात मी एकटी. साडी नेसलेला फोटो पाठवला नव्हता हे नशीब, नाहीतर नाचाचा वर्ग वाटला असता.

राग आला होता, खोटं कशाला सांगू. पहिल्या रकान्यात मँचेस्टरकडचा एक बावीस वर्षांचा मुलगा होता. चार आठवड्यांचा कोर्स करून आलेला, अतिशय गोड स्वभावाचा. तासाआधी जिन्यात गाठून मला विचारायचा, 'आय हॅव सीन' आणि 'आय सॉ' यात नेमका फरक काय सांगायचा गं? त्याला फरक माहीत होता, त्याच्या तोंडून एकदाही चूक होत नव्हती. पण माणसाला आपल्या गुडघ्याची रचना ठाऊक नसते, तो नुसता चालतो. मी इंग्रजी पाचवीत शिकायला लागले. तेव्हा आमच्याकडे ए-बी-सी-डी पाचवीतच सुरू व्हायची. मला प्रत्येक पायरी आठवते, कारण प्रत्येक पायरीवर मी अडखळले आहे. 'अ' आणि 'द' कुठे लावायचे हे मराठीला माहीत नाही आणि चेकलाही नाही. 'व्ही' आणि 'डब्ल्यू'मध्ये आपण गोंधळतो, तेही गोंधळतात. ओठांचा चंबू कसा करायचा हे मी त्यांना आमच्या शाळेतल्या बाईंनी मला शिकवलं तसंच शिकवते, हातात आरसा देऊन. शब्दाच्या शेवटचा 'ग' मात्र त्यांचा स्वतःचा त्रास. चेक माणसाच्या तोंडात 'बॅग'चं 'बॅक' होतं, मग विमानतळावर हरवलेली पाठ शोधायला निघतात.

कार्लीनमधला माझा वर्ग या रकान्याला उत्तर ठरला. कार्लीन म्हणजे व्लतावा नदीकाठचा जुना कारखान्यांचा भाग. 2002 च्या ऑगस्टमधल्या पुरात तो बुडाला होता, त्यानंतर तिथे काचेची ऑफिसं झाली. फ्लोरेंत्सला लाल लाइन सोडून पिवळी धरायची. कंपनी मोटारींच्या सुट्या भागांची. तिच्या माणसांना इंग्रजी हवं होतं आणि त्यांनी संस्थेकडे अर्थातच नेटिव्ह मागितला होता. तो आठवडाभर आजारी पडला म्हणून मला पाठवलं. मी विचारलं, तुम्ही इंग्रजी कोणाशी बोलता? लंडनशी? एकाने मान हलवली आणि म्हणाला, नाही, पुण्याशी.

चाकण! आता चेक गाडीवाल्यांचं चाकणशी नातं नवं नाही. श्कोडाची गाडी संभाजीनगरजवळ शेंद्र्यात बनू लागली 2001 मध्ये (तेव्हा औरंगाबादच), आणि चाकणचा कारखाना 2009 मध्ये सुरू झाला. त्यांच्या मागोमाग सुटे भाग पुरवणारे. माझ्या या वर्गाची दर बुधवारी चाकणशी व्हिडिओवर मीटिंग असायची. उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक, हिवाळ्यात साडेचार. हा अर्धा तास कुठून येतो याचं त्यांना कायमचं कोडं. तो घालवणं माझ्या हातात नाही, एवढंच मी सांगितलं.

त्या मीटिंगांची रेकॉर्डिंग मला ऐकवायला लागले. काय ऐकलं! इकडचा इंजिनिअर चाकणच्या माणसाचं म्हणणं ऐकता ऐकता सारखं 'नो, नो, नो' म्हणतोय. चेकमध्ये 'नो' म्हणजे आपलं 'हं, बरं, हो'. इंग्रजी बोलतानाही त्यांच्या तोंडून ते सुटतं. तिकडे चाकणवाला बिचारा प्रत्येक 'नो'ला आपला प्रस्ताव थोडा थोडा मागे घेत चाललाय. शेवटी तो म्हणतो, 'इट विल बी डन, सर.' आणि इकडचे सहा जण खूश होऊन वहीत 'झालं' असं लिहून टाकतात.

मी त्यांना म्हटलं, थांबा. 'इट विल बी डन' कोण म्हणालं, कुठल्या सुरात म्हणालं, आणि शेवटी 'सर' होतं का? ते चक्रावले. मग आमचा अभ्यासक्रमच बदलला. पुस्तकातल्या केंब्रिजच्या चहापार्ट्या बाजूला ठेवल्या. 'होऊन जाईल' याला काय विचारायचं? विचारायचं: कुठल्या दिवशी, कोण करणार, आणि तुम्हाला आमच्याकडून काय लागेल. 'आय विल ट्राय' ऐकलं तर मनात 'नाही' असं लिहून ठेवायचं. आणि 'हे चुकीचं आहे' हे वाक्य दहा माणसांसमोर साहेबाला ऐकवायचं नाही, नंतर फोन करून सांगायचं. चेक माणूस फार सरळ बोलतो. ड्रॉइंग चुकलं असेल तर पहिलं वाक्यच 'ड्रॉइंग चुकलंय' हे असतं. त्यात त्याला काही कठोर वाटत नाही. चाकणला मात्र दिवसभर त्याचीच चर्चा.

मला गंमत वाटायची ती माझ्याच जागेची. मी सहा चेक माणसांना इंग्रजीच्या नावाखाली पुणे शिकवत होते आणि फी इंग्रजीची घेत होते. एकदा तिकडून कोणीतरी माईक बंद करायला विसरून म्हणालं, 'अरे, यांना आज झालंय काय, नीट विचारतायत!' रेकॉर्डिंग थांबवून सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी भाषांतर करून सांगितलं. त्या दिवशी केक आला.

आजारी मुलगा बरा होऊन आला, पण कार्लीनने मला ठेवून घेतलं. संस्थेने 'इतर' रकान्याचा दर वाढवला का? अजिबात नाही. पुढच्या वर्षी त्या रकान्यात एक सर्बियन गृहस्थ आले, एवढीच प्रगती. मी खाजगी शिकवण्या वाढवल्या.

त्यातूनच मला या बाई भेटल्या, त्यांच्याबद्दल कधीचं लिहायचं होतं. माझ्याच वसाहतीत, पलीकडच्या इमारतीत राहतात. सत्तरी ओलांडलेल्या. दारात गेल्या गेल्या बूट काढायचे आणि त्यांनी पुढे केलेल्या सपाता घालायच्या. घरात बूट घालून फिरणं इथेही आपल्यासारखंच असभ्य, आणि परदेशात येऊन मला हायसं वाटलेली ही पहिली गोष्ट. टेबलावर चहा, खसखशीचा केक आणि तासलेल्या तीन पेन्सिली. त्या निवृत्त शिक्षिका आहेत. मी त्यांना विद्यार्थी म्हणतात तशी 'पानी उचितेल्को' म्हणून हाक मारते, म्हणजे आपलं 'बाई'. चेकमध्येही हाक मारताना नावाचं रूप बदलतं, त्यामुळे मी इथे 'मेधो' असते. घरी आई 'मेधे' म्हणते. फार लांब आल्यासारखं वाटत नाही.

बाईंचा विषय रशियन होता. 1989 पर्यंत इथल्या शाळांत रशियन सक्तीची होती. नोव्हेंबरात सत्ता पालटली आणि काही महिन्यांत कोणालाच रशियन शिकायची नव्हती, सगळ्यांना इंग्रजी हवी होती. इंग्रजीचे शिक्षक होते कुठे? मग रशियनच्याच शिक्षकांना इंग्रजी शिकायला बसवलं. बाई सांगतात, संध्याकाळी मी धडा शिकायची आणि सकाळी तोच वर्गात शिकवायची. मुलांच्या फक्त एक धडा पुढे. एका हुशार मुलाने सुट्टीत पुढचे तीन धडे वाचून ठेवले, तेव्हा दोन आठवडे मला झोप नव्हती.

अशीच अख्खी पिढी तयार झाली. कार्लीनमध्ये 'मला नेटिव्ह हवा' म्हणणारा मॅनेजरही बहुधा अशाच कुठल्या रशियनच्या बाईंकडून 'धिस इज अ पेन' शिकला असणार. हे मी बाईंना सांगितलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला.

आता त्या का शिकतात? मुलगी आयर्लंडमध्ये, नातवंडं चेक समजतात पण उत्तर इंग्रजीत देतात. फोनवर आठ वर्षांचा नातू आजीचे उच्चार दुरुस्त करतो आणि आजीला ते मुळीच खपत नाही. तिला व्याकरण पक्कं येतं. 'हॅड आय नोन' वगैरे रचना ती बिनचूक करते, ज्या त्या नातवाला कॉलेजात जाईपर्यंत लागणार नाहीत. अडतं ते 'चल, काय म्हणतोस', 'नको नाटकं करू' इथे. म्हणून आम्ही दर मंगळवारी आजीच्या रागावण्याचा सराव करतो. मी नातू होते. हट्टी नातू व्हायला मला जमतं, माझ्या भाच्यावर बेतलेला आहे.

तासाच्या शेवटची पंधरा मिनिटं माझी. मला कायमच्या वास्तव्यासाठी चेकची परीक्षा द्यायची आहे. 2021 पासून तिची पातळी एका पायरीने वाढवली आहे. बाई माझं पत्रलेखन तपासतात. तीन पेन्सिलींपैकी लाल पेन्सिल त्यासाठीच. सात विभक्त्या आहेत म्हटल्यावर मी सांगितलं की आम्हाला शाळेत आठ पाठ करायला लावल्या होत्या, प्रथमा ते संबोधन. त्यावर त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे आदराने पाहिलं. आदर पुढच्या निबंधापर्यंत टिकला.

या मंगळवारी तास नाही. पाऊस पडून गेलाय, रानात अळंबी उगवली असणार, आणि बाई पहाटेच्या गाडीने टोपली घेऊन जाणार आहेत. मी येऊ का बरोबर, असं विचारलं. फोटो दाखवीन म्हणाल्या, पण जागा त्यांनी सख्ख्या मुलीलाही सांगितलेली नाही.