फिक्कट निळं आखात

भाच्याच्या नव्या अ‍ॅटलासला कव्हर घालायला बसले आणि कव्हर राहिलं बाजूला. देश, राजधान्या कुणीही बघाव्यात. मला नकाशातला निळा रंग लागतो. जिथे गडद, म्हणजे खोल, तिथे बोट आधी. त्या दुपारी मात्र बोट इराणच्या आखातावर अडलं. जवळजवळ पांढरंच होतं ते!

आमच्या रत्नागिरीत अर्ध्या मोहल्ल्याचं कुणी ना कुणी आखातात. शेजारचे चाचा दोन-दोन वर्षांनी यायचे. अत्तर, घोंगडीएवढा जाड ब्लँकेट आणि टेपरेकॉर्डर घेऊन. चाचीला विचारलं की ती नुसतं समुद्राकडे बोट दाखवायची. त्यामुळे माझ्या मनातलं आखात काळंशार, अथांग.

आणि निघालं काय, तर सरासरी खोली जेमतेम 35 मीटर. सगळ्यात खोल भाग नव्वदीच्या आसपास, तोही इराणकडे सरकलेला. अरबांच्या बाजूला नुसता उथळपणा. तेलाने भरलेलं अजस्र टँकर वीसएक मीटर पाण्यात बुडालेलं असतं, म्हणजे खाली उरतं किती! होर्मुझची सामुद्रधुनी ओलांडून ओमानच्या आखातात गेलं की मात्र तळ तीन हजार मीटरच्याही खाली जातो. हिमयुगात समुद्र सव्वाशे मीटरभर खाली होता, तेव्हा तर हे आखात नव्हतंच. तैग्रिस-युफ्रेटिसचं पाणी त्या कोरड्या तळावरून वाहत जायचं.

ऊन असं, की नद्या जेवढं पाणी आणतात त्याहून कितीतरी जास्त वाफ होऊन जातं. उरलेलं खारट, जड पाणी खाली बसतं, तळातळाने होर्मुझबाहेर पडतं आणि अरबी समुद्रात दोन-तीनशे मीटर खोलीवर पसरतं. आखातातून इकडे येणारे एकटे चाचाच नव्हते म्हणायचे.

मोतीही यायचे. बहरीन-कुवेतचे पाणबुडे पायाला दगड बांधून, नाकाला चिमटा लावून याच उथळ पाण्यात उतरायचे, आणि त्यांचे मोती मुंबईच्या बाजारात तोलले जायचे. जपानी संवर्धित मोत्यांनी 1930च्या सुमारास तो धंदा बसवला. हंगामाआधी नाखव्याकडून उचल घ्यायची, ती फिटायची नाही, आणि बाप मेला की ते कर्ज मुलाच्या नावावर चढायचं. मग मुलगा पाण्यात उतरायचा.