९४ कोटींचं काम १,६७७ कोटींवर का जातं

बेळगाव जिल्ह्यातल्या कणकुंबीकडे जाणाऱ्या कुणालाही कळसा-भांडुरा, म्हणजे म्हादई नदीला मिळणाऱ्या ओढ्यांचं पाणी मलप्रभेत वळवायची कर्नाटकाची योजना, माहीत नाही असं होणार नाही. २००० साली ९४ कोटींच्या आसपास असलेला अंदाज २०२० पर्यंत १,६७७ कोटींवर गेला, आणि आमच्या खानापूर भागात कुणालाही विचारा, एकच उत्तर, "खाल्ले की हो सगळ्यांनी." खातात, नाही असं मी म्हणत नाही. पण ठेकेदाराकडे बिलं-एस्टिमेट करत आलोय म्हणून सांगतो, त्याहून मोठं भगदाड दुसरीकडे असतं. काय बांधायचं, कुठल्या जागेवर बांधायचं हे पक्कं व्हायच्या आधीच नारळ फुटतो.

कळसाचंच बघा की. गोव्याशी पाण्याचा वाद मिटलेला नाही, तरी २००६ ला कामाचा शुभारंभ. मग २०१० ला लवाद बसला, निकाल २०१८ ला, कर्नाटकानं ७.५६ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मागितलेलं त्यातलं ३.९ पदरात पडलं. नंतर आराखडाच बदलला, उघड्या कालव्याऐवजी पंपानं पाणी उचलायचं ठरलं. योजनेचं नाव तेवढं जुनं राहिलं. वर पाऊस, कणकुंबीला जूनपासून चार महिने माती हलवता येत नाही, म्हणजे एक परवानगी दोन महिने लांबली की आख्खं वर्ष गेलं.

जमिनीचं तर विचारूच नका. एस्टिमेटमध्ये भूसंपादन ही एक ओळ असते, इतके एकर गुणिले इतका दर, झालं. प्रत्यक्षात उताऱ्यावर आजोबांचं नाव, वारसा नोंद झालेली नाही, सहा भाऊ-बहिणी, एक मुंबईत, एकीचं लग्न कोल्हापुरात, आणि नोटीस येते कन्नडमध्ये, घरात म्हातारीला वाचता येत नाही. सगळ्यांच्या सह्या होईपर्यंत पैसे कुणाला द्यायचे? मग कोर्ट. तोवर मागचे-पुढचे तुकडे खणून ठेवलेले, मधला दीड किलोमीटर रिकामा, जेसीबी आणि रोलर उभे, त्याचं भाडं चालूच, आणि ठेकेदार आयडलिंगचा क्लेम, म्हणजे यंत्रं रिकामी उभी राहिल्याची भरपाई, लावतो, तो त्याचा हक्कच आहे. पेपरात मात्र येतं, शेतकऱ्यांच्या विरोधामुळं खर्च वाढला. याचा मला मनापासून राग येतो. तीन पिकं देणाऱ्या जमिनीचा मालक प्रश्न विचारणारच, ते धरूनच एस्टिमेट करायला नको का?

हे आपल्याकडंच होतं असंही नाही. सिडनीच्या ऑपेरा हाऊसचं काम १९५९ ला घाईनं सुरू केलं, छताचं डिझाइन तेव्हा झालंच नव्हतं, पुढे कळलं की खाली बांधलेले खांब ते छत पेलणार नाहीत, मग ते परत करावे लागले. ७० लाख डॉलरचं काम १९७३ ला १० कोटी २० लाखांवर संपलं.

आणि पहिला अंदाज मुद्दाम कमी धरतात हेही आहेच. खरा आकडा सांगितला तर मंजुरी मिळत नाही, एकदा निम्मं बांधून झालं की थांबवायची कुणाची हिंमत नसते. विदर्भातल्या गोसीखुर्दचा ३७२ कोटींचा अंदाज १८ हजार कोटींच्या पुढं गेला तरी धरण सोडून देता आलं नाही.

आता बेळगाव-कित्तूर-धारवाड रेल्वे. ७३ किलोमीटर, मंजुरी ९२७ कोटींची. नंदिहळ्ळी, गर्लगुंजी भागातल्या शेतकऱ्यांनी सुपीक जमीन जाते म्हणून दुसरा मार्ग सुचवलाय, तो नीट तपासून बघा एवढंच माझं म्हणणं. आणि दर महिन्याला गावागणिक किती एकर ताब्यात आली, किती जणांना पैसे पोचले, याचा तक्ता मराठीत आणि कन्नडमध्ये पंचायतीच्या भिंतीवर लावा.