कागदावर जपलेलं शहर

"अहो, किती वेळ ती भिंत पाहून राहिले तुम्ही? सगळे पुढे गेले ना!"

वॉर्साच्या जुन्या चौकात बायकोनं दुसऱ्यांदा हाक मारली, तेव्हा मी एका घराच्या खिडक्या मोजत होतो. सरकारी बांधकाम खात्यात 34 वर्षं ड्राफ्ट्समन म्हणून काढली. घर दिसलं की नजर आपोआप चौकटीवर जाते, मग वरच्या पट्टीवर, मग दोन मजल्यांमधल्या अंतरावर. त्या घराच्या खिडक्या एका ओळीत नव्हत्या. डावीकडची बोटभर खाली होती. जुन्या घरात गवंड्याच्या हातानं असं होतं. पण हे घर जुनं नव्हतं. तो चौक 1953 साली बांधून पुरा झाला. म्हणजे ते घर माझ्या थोरल्या भावाहून दोन वर्षांनी लहान. नवीन बांधतानाही कोणीतरी ती खिडकी मुद्दाम बोटभर खाली ठेवली होती, कारण आधीच्या घरात ती तशी होती. मी तिथून हलू शकलो नाही.

आम्ही नागपूरहून 31 जण होतो. बहुतेक निवृत्त. नागपूर ते दोहा, दोहा ते वॉर्सा, मग क्राकुव्ह आणि शेवटी व्रोत्सवाव्ह. नऊ दिवसांत पोलंड. टूर कंपनीनं जेवणाखाण्याची सोय चांगली ठेवली होती, हॉटेलं स्वच्छ होती, त्याबद्दल तक्रार नाही. पण वॉर्साच्या जुन्या शहराला 50 मिनिटं आणि दुकानांच्या रस्त्याला दीड तास, हे वाटप चुकीचं होतं. मी टूर मॅनेजरला तिथेच सांगितलं. तो पोरगा भला होता. म्हणाला, "काका, कार्यक्रम वरून ठरून येतो."

तिथली गाइड पन्नाशीची बाई होती, इंग्रजी सावकाश बोलायची. तिनं सांगितलेलं असं. 1 ऑगस्ट 1944 ला वॉर्साच्या लोकांनी जर्मनांविरुद्ध उठाव केला. 63 दिवस लढले आणि हरले. त्यानंतर जर्मनांनी उरलेलं शहर ठरवून, रस्त्यामागून रस्ता, जाळलं आणि सुरुंगांनी उडवलं. जुन्या शहराचा 85 टक्क्यांहून जास्त भाग मातीला मिळाला. राजवाडा तर भिंतींना भोकं पाडून, त्यात दारू भरून उडवला.

मग हे सगळं परत उभं कसं केलं? मला हेच ऐकायचं होतं. 1945 च्या फेब्रुवारीत शहर पुन्हा बांधण्यासाठी एक कचेरी उघडली. हाताशी तीन गोष्टी होत्या. एक, बेलोत्तो नावाच्या इटालियन चित्रकारानं 1770 च्या दशकात राजासाठी काढलेली वॉर्साच्या रस्त्यांची चित्रं. ती इतकी बारीक काढलेली की त्यांवरून दर्शनी भाग ठरवता आले. दोन, ढिगाऱ्यातून वेचलेले दगड, कोरीव तुकडे, विटा. तीन, आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यांत मोलाची, युद्धाआधी वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या प्राध्यापकांनी एकेक घर मोजून काढलेले नकाशे. जर्मनांचा अंमल असताना ते कागद शहराबाहेर नेऊन लपवले होते.

विद्यार्थ्यांचे नकाशे! आमच्याकडेही आयटीआयला असताना 'मेजर्ड ड्रॉइंग' करायला लावायचे. टेप धरा, एकानं आकडा ओरडायचा, दुसऱ्यानं लिहायचा, रात्री ट्रेसिंगवर चढवायचं. आम्ही ते मार्कांसाठी केलं. वॉर्साच्या पोरांनीही कदाचित मार्कांसाठीच केलं असेल. त्या कागदांवरून पुढे अख्खं शहर उभं राहिलं. 1980 साली युनेस्कोनं जुन्या वॉर्साला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं आणि 2011 मध्ये त्या पुनर्बांधणी कचेरीच्या दप्तरालाही जगाच्या दस्तऐवजी वारशात जागा दिली. म्हणजे घरांना मान मिळाला तसा त्यांच्या नकाशांनाही. आमच्या खात्यात जुन्या ट्रेसिंगची गुंडाळी वाळवीनं खाल्ली तर कोणी विचारत नसे. मला हे ऐकून भरून आलं, आणि ते मी लपवलं नाही.

राजवाड्याच्या मनोऱ्यावर घड्याळ आहे. 17 सप्टेंबर 1939 ला जर्मनांचे तोफगोळे पडले तेव्हा ते 11 वाजून 15 मिनिटांनी थांबलं. वाडा परत बांधायला 1971 साली घेतला, आणि घड्याळ 1974 मध्ये बरोबर 11:15 ला पुन्हा चालू केलं.

दुकानांच्या दीड तासात आम्ही सहा जण दुकानांत गेलो नाही. याचं कारण आमच्यासोबतच्या, नागपूरच्या जरीपटका भागातल्या एक ताई. सिंधी आहेत, पण मराठी बोलतात अस्सल कोल्हापुरी, कारण माहेर कोल्हापूरजवळच्या गांधीनगरचं. त्या पहिल्या दिवसापासून म्हणत होत्या, "भाऊ, मला ती पाटी बघायचीच हाय. त्याच्यासाठी तर पोलंड निवडलं."

युद्धात रशियानं सायबेरियाकडे नेलेली पोलिश माणसं सुटून इराणमार्गे हिंदुस्थानात आली. गुजरातेतल्या नवानगर संस्थानच्या जामसाहेबांनी बालाचडीला अनाथ पोरांना ठेवून घेतलं, आणि कोल्हापूर संस्थानात वळिवडे इथे सुमारे 5,000 लोकांची वसाहत 1943 पासून होती. बहुतेक बायका आणि मुलं. शाळा होत्या, चर्च होतं. ते 1948 पर्यंत निघून गेले आणि त्याच बराकींत फाळणीनं घरदार गेलेली सिंधी कुटुंबं येऊन राहिली. तेच आजचं गांधीनगर. ताईंच्या आजोबांना अशीच एक बराक मिळाली होती. लहानपणी घरात "पोलंडवाल्यांची खोली" असाच शब्द होता.

वॉर्सात दुसऱ्या महायुद्धातल्या मोंते कासिनोच्या लढाईचं स्मारक आहे, जुन्या शहरातून चालत जाण्याइतकं जवळ. तिथे कोल्हापूर संस्थानाचे आभार मानणारी पाटी 2017 साली लावली. आम्ही विचारत विचारत पोचलो. ताईंनी पाटीवर हात ठेवला. नागपूरहून आणलेला संत्राबर्फीचा पुडा पर्समधून काढून एक तुकडा पाटीखाली ठेवला, बाकीची आम्हा सगळ्यांना वाटली. तिथे बाकावर बसलेल्या एका म्हाताऱ्या पोलिश बाईलाही दिली. भाषेचा प्रश्न होता. ताईंनी पाटीकडे बोट दाखवलं, मग स्वतःकडे. म्हातारीनं पाटी वाचली आणि ताईंचे दोन्ही हात धरून ठेवले. आम्ही बसकडे पळत सुटलो तेव्हाही ती हात हलवत होती.

क्राकुव्हबद्दल लोक फार लिहितात, मी थोडं लिहितो. शहर युद्धात वाचलं, त्यामुळे तिथलं जुनं खरोखर जुनं आहे. मरियमच्या चर्चच्या मनोऱ्यातून दर तासाला एक जण चारही दिशांना तुतारी वाजवतो आणि सूर मध्येच तुटतो. तातारांचा बाण पहारेकऱ्याच्या गळ्यात घुसला होता म्हणे, त्याची आठवण. जेवायला बटाटा आणि पनीरसारख्या चिजाचं सारण भरलेले पिएरोगी मिळाले. आपले कानोले उकडून काढले तर असेच लागतील. ज्यांना तिखटाशिवाय चालत नाही त्यांनी सोबत चटणी न्यावी.

व्येलिच्काची मिठाची खाण मात्र चुकवू नका. सुरुवातीलाच 380 लाकडी पायऱ्या उतराव्या लागतात. गुडघे दुखत असतील तर काठी न्या. वर यायला लिफ्ट आहे. जमिनीखाली 101 मीटरवर मिठात कोरलेलं प्रार्थनाघर आहे, 54 मीटर लांब. फरशी मिठाची, मूर्ती मिठाच्या, झुंबरांचे लोलकही मिठाचे. हे कोरणारे लोक खाणकामगारच होते. आमच्या ग्रुपमधल्या एका आजींनी भिंतीला बोट लावून चाटून पाहिलं आणि "खारट हाय गं" म्हणून सगळ्यांना खात्री दिली.

आउशविट्झच्या नाझी छळछावणीला बसमध्ये जाताना अंताक्षरी चालली होती, परतताना कोणी बोललं नाही. तिथे सुमारे 11 लाख माणसं मारली, त्यांतली जवळजवळ 10 लाख ज्यू. आकडा ऐकून डोक्यात काही उतरत नाही. मला उतरलं ते काचेमागच्या सुटकेसच्या ढिगापाशी. प्रत्येक सुटकेसवर पांढऱ्या रंगात नाव लिहिलेलं, कुठे जन्मसाल, कुठे पत्ता. सामान परत मिळेल असं सांगून लिहायला लावलं होतं. एका सुटकेसवरची अक्षरं फार नेटकी होती. आधी पेन्सिलनं दोन रेघा आखून, मधलं अंतर सारखं ठेवून लिहिलेली. मी आयुष्यभर तसंच लेटरिंग केलं. त्या माणसानं ते काळजीनं लिहिलं होतं, आपली पेटी हरवू नये म्हणून.

आणि गाइडनं हेही सांगितलं की त्या छावणीला स्वतःची बांधकाम कचेरी होती. प्रेतं जाळायच्या भट्ट्यांच्या इमारतींचे प्लॅन, सेक्शन, सगळं तिथे टेबलावर बसून काढलं गेलं. आमचीच पट्टी, आमचाच पेन. रात्री हॉटेलात मला झोप लागली नाही. बायकोनं विचारलं, काय झालं. मी सांगितलं. ती उठून बसली आणि आम्ही दिवा लावून बराच वेळ बसलो.

व्रोत्सवाव्हमध्ये रस्तोरस्ती ब्राँझचे छोटे बुटके बसवले आहेत, नातवंडांसाठी त्यांचे पुष्कळ फोटो काढले. तिथून परत.

नागपूरच्या महाल भागात, बडकस चौकाच्या मागच्या गल्लीत, आमचं आजोबांच्या वेळचं घर आहे. सागवानी खांब, मधे चौक, माडीवर लाकडी कठडा. चार भावांच्या सह्या झाल्या आहेत, दिवाळीनंतर ते पाडून तिथे फ्लॅट होणार. मीही सही केली आहे. जिना कुजलाय, भिंती ओलावल्यात, कोणी राहत नाही. माझी त्याला हरकत नव्हती आणि आजही नाही.

पण परत आल्याच्या तिसऱ्या दिवशी मी कपाटातून 30 मीटरचा टेप काढला आणि पुतण्याच्या पोरीला सोबत नेलं. ती दहावीत आहे. तिच्या हातात वही दिली. दरवाज्याची उंची सहा फूट दोन इंच, उंबरठा धरून. देवळीची खोली अकरा इंच. चौकातले चार खांब, त्यांतला तुळशीजवळचा दीड इंचानं बाहेर झुकलेला.

तिनं विचारलं, "आजोबा, हा झुकलेला सरळच दाखवायचा ना?"

"नाही," मी म्हटलं. "दीड इंच लिही."