शिन्चूचा वारा आणि तांदळाच्या शेवया

रविवार, रात्र

तैवानमधल्या शिन्चू शहरात वारा सुटलाय. इथल्या चांद्र पंचांगातला नववा महिना लागला की ईशान्येकडून हा वारा येतो, आणि तांदळाच्या शेवया करणारी घरं त्याची वाटच बघत असतात. बांबूच्या चौकटींवर ओल्या शेवया पसरतात. तीन हिस्से ऊन, सात हिस्से वारा, असं इथले जुने लोक म्हणतात. या दिवसांत मला छाओ मीफन, म्हणजे परतलेल्या तांदळाच्या शेवया, केल्याशिवाय राहवत नाही.

पाकीट घेताना मी मागची बाजू वाचतेच. तैवानमध्ये 2014 पासून नियम आहे: मीफन असं नुसतं नाव लावायचं तर शेवया पूर्ण तांदळाच्या हव्यात. निदान निम्मा तांदूळ असेल तर मिश्र असं लिहावं लागतं, आणि त्याहून कमी असेल तर ते नाव लावताच येत नाही. मक्याच्या स्टार्चच्या शेवया चिवट असतात, कितीही हलवा, तुटत नाहीत. तांदळाच्या तुटतात. पण रस पितात तो त्याच, म्हणून मी त्याच आणते. रोजच्या भाताचा चिकट तांदूळ यांना चालत नाही; कमी चिकट, लांब दाण्याचा जुना देशी तांदूळ लागतो.

वाळलेले शिताके मशरूम दुपारीच भिजत घातले होते. त्यांचं पाणी टाकायचं नाही, पदार्थाचा अर्धा जीव त्यात असतो. शेवया गार पाण्यात लवचिक होईपर्यंतच भिजवल्या, मग कात्रीने दोन-तीनदा कापल्या. कढईत छोटे कांदे तांबूस तळून बाजूला काढले आणि त्याच तेलात मशरूमच्या चिरफळ्या आणि वाळवलेली बारीक कोळंबी परतली. सोडे भाजताना आमच्या कोकणातल्या घरात जो वास भरायचा, तोच. मग डुकराच्या मांसाच्या बारीक पट्ट्या, कढईच्या कडेने सोया सॉस, गाजर, कोबी.

याला परतलेल्या शेवया म्हणतात खरं, पण परतणं इथेच संपतं. यापुढचं सगळं काम रसाचं. मशरूमचं पाणी आणि हाडांचा स्टॉक ओतून उकळी आणली, पांढरी मिरी घातली. हा रस चाखताना थोडा खारटच लागला पाहिजे, कारण शेवया घातल्यावर मीठ त्यांच्यात वाटलं जातं. आच मंद केली, शेवया घातल्या. एका हातात चॉपस्टिक, दुसऱ्या हातात उलथनं, खालून उचलायच्या आणि सोडायच्या. ढवळायच्या नाहीत. रस तळाशी दिसेनासा झाला की दोन मिनिटं झाकण. पांढऱ्या शेवया फिकट तपकिरी होतात आणि एकेक धागा सुटा राहतो. हे बघायला मला खरोखर आवडतं.

वरून तळलेला कांदा, थोडं काळं व्हिनेगर. गरम असताना छान लागल्याच. पण निवल्यावर जास्त आवडतात, रस तोवर आतपर्यंत मुरतो. देवळांच्या उत्सवात मोठ्या परातीत ठेवलेल्या मीफनची चव अशीच असते.

तैवानच्याच फंगहू बेटांवर यात किसलेला भोपळा घालतात. तो शिजून विरघळतो आणि शेवया पिवळ्याधमक होतात. स्टॉक मग कमी घालायचा, भोपळ्याचंच पाणी सुटतं. उद्या बाजारातून लहानसा भोपळा आणते, पाकिटात अजून अर्ध्या शेवया आहेत.